ॲल्युमिनियमचे कवच

लोखंडाचा गंज पापुद्र्यापापुद्र्याने सुटत जात असल्यामुळे तो आतल्या धातूला आश्रय देत नाही, उलट दर पावसाळ्यात नवा पृष्ठभाग हवेच्या स्वाधीन करीत राहतो. आणि म्हणूनच लोखंडाची राखण म्हणजे रंग, जस्त, तेल असे काही तरी परके द्रव्य त्याच्यावर सतत चढवीत राहण्याचे काम होऊन बसते. ॲल्युमिनियमची प्रकृती याहून सर्वस्वी भिन्न आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो लोखंडापेक्षा कितीतरी अधिक क्रियाशील. प्राणवायूशी त्याचे सख्य इतके दृढ, की भूकवचात सर्व धातूंमध्ये विपुल असूनही १८२५ साली ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने अशुद्ध स्वरूपात तो वेगळा करीपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता, आणि १८८६ साली अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी विद्युत्‌विश्लेषणाची युक्ती परस्परांच्या नकळत शोधून काढीपर्यंत तो मौल्यवान धातूंच्या पंक्तीला बसत होता.

असा हा क्रियाशील धातू उघड्या हवेत टिकतो तो केवळ एका कारणाने. ताज्या कापलेल्या ॲल्युमिनियमला हवेचा स्पर्श होताच त्याच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचा पडदा उत्पन्न होतो. त्याची जाडी अवघी दोन ते चार नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहालाखाव्या अंशाच्या दुप्पट-चौपट. पण तो एकसंध असतो, खालच्या धातूला घट्ट बिलगून असतो, आणि ज्या ऑक्साइडचे स्फटिकरूप म्हणजे कुरुंद, व ज्यात क्रोमियमचा लेश मिसळला की माणिक होते, त्याच द्रव्याचा तो बनलेला असतो. तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई हे कथलाचे परके आवरण. ते झिजले की कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते. ॲल्युमिनियमचा पडदा ओरखड्याने फाटला, तर खालचा धातू त्याच क्षणी नवा पडदा घालून घेतो. या धातूच्या संरक्षणाची जी कला विसाव्या शतकात विकसित झाली, तिचे सारे रहस्य या स्वभावात आहे.

उपनगरातील हवा

निसर्गाने एवढी तजवीज करून ठेवली असता अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या कारखानदाराने या धातूवर आणखी खर्च कशासाठी करावा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर मुंबईच्या हवेत आहे. वर्सोव्यापासून गोराईपर्यंत पश्चिम उपनगरांच्या कडेने समुद्र पसरलेला. त्याच्या तुषारांतील मीठ वाऱ्याबरोबर आत येते, गजांवर, खिडक्यांवर, यंत्रांच्या पेट्यांवर बसते, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडणारी दमट हवा त्या मिठाला ओलसर ठेवते. मिठातील क्लोराइड हा ऑक्साइडच्या पडद्याचा कट्टर शत्रू होय. जेथे पडदा किंचित दुबळा असेल, जेथे मिश्रधातूतील तांब्याचा वा लोखंडाचा कण पृष्ठभागाशी आलेला असेल, तेथे तो आत शिरतो आणि सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पाडतो; बाहेरून दिसते ती केवळ पांढरी भुकटी. त्यातच पोलादाचा किंवा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू त्याच जागी बसविलेला असेल, तर दोन धातू आणि मधले खारट पाणी मिळून लहानसा विद्युत्‌घट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो.

बांधकामाचे संकट त्याहून निकटचे. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड फार आम्ल आणि फार अल्कली या दोहोंतही विरघळतो, आणि ओले सिमेंट हे तीव्र अल्कली होय. उपनगरात एक इमारत पाडून दुसरी उभी करण्याचे काम अखंड चाललेले असते. तेथे खिडक्यांच्या चौकटी आधी बसवून गिलावा मागाहून केला, आणि चौकटींवर उडालेले शिंतोडे तसेच वाळू दिले, तर ते खरवडल्यावर खाली पांढुरके डाग उरतात. ते कोणत्याही उपायाने जात नाहीत, कारण तेथील ऑक्साइडच नाहीसा झालेला असतो. म्हणून जाणता कंत्राटदार चौकटीवरची चिकटपट्टी गिलावा संपेपर्यंत काढू देत नाही.

स्वभावाला दिलेली शिस्त

पडदा उपयुक्त आहे पण अपुरा आहे, तर त्यालाच जाड का करू नये, या विचारातून ॲनोडायझिंगचा जन्म झाला. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगो आणि स्ट्युअर्ट या दोन संशोधकांनी समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या ड्युरॅल्युमिन या तांबेमिश्रित ॲल्युमिनियमसाठी क्रोमिक आम्लातील पद्धती सिद्ध केली. १९२७ साली गंधकाम्लातील, अधिक सोपी व अधिक किफायतशीर पद्धती पुढे आली, आणि आज आपल्या दारे-खिडक्यांपासून कॅमेऱ्याच्या अंगापर्यंत जे काम चालते ते बहुतांशी तिच्यावर. तत्त्व सरळ आहे. विद्युत्‌लेपनात वस्तू ऋणाग्राला जोडतात व बाहेरचा धातू तिच्यावर येऊन बसतो. येथे वस्तू धनाग्राला जोडतात, म्हणून बाहेरून काहीच येऊन बसत नाही, तर द्रावातील प्राणवायूचे आयन धातूकडे ओढले जातात आणि धातूचा पृष्ठभागच ऑक्साइडमध्ये परिणत होऊ लागतो.

मात्र ऑक्साइड विजेचा अवरोधक आहे. पडदा थोडा जाड होताच प्रवाह थांबावा, आणि वाढही थांबावी, असे होणार. पण आम्ल त्याच वेळी त्या पडद्याला ठिकठिकाणी विरघळवीत असते, त्यामुळे त्यात उभी छिद्रे पडतात, त्या छिद्रांच्या तळाशी प्रवाह पोचत राहतो आणि वाढ चालू राहते. घडविणारी वीज आणि झिजविणारे आम्ल यांच्या या समतोलातून षट्कोनी कोशांची एक विलक्षण नियमित रचना उभी राहते. प्रत्येक कोशाच्या मध्यभागी एक नलिका, तिचा व्यास दहा-वीस नॅनोमीटर, आणि एका चौरस सेंटिमीटरात अशा अब्जावधी नलिका. केलर, हंटर आणि रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९५३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले.

हा थर धातूतूनच निर्माण होत असल्यामुळे त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मूळ पृष्ठभागाच्या आत आणि एक-तृतीयांश बाहेर असतो. पंधरा मायक्रॉनांचा थर दिला तर पृष्ठभाग पाच मायक्रॉनांनी वर येतो, आणि गोल दांड्याचा व्यास दहा मायक्रॉनांनी वाढतो. लेथवर काम करणाऱ्या कारागिराने हा हिशेब आधीच मनात धरला नाही, तर नंतर आट्यात नट बसत नाही.

गाळ्यातील क्रम

मरोळच्या एमआयडीसीत, साकी नाक्याच्या परिसरातील औद्योगिक वसाहतींत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये किंवा घाटकोपर-मुलुंडकडे लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या गाळ्यांत लहान कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या असे काम केलेले आहे; आणि १९७३ साली अंधेरीत सीप्झ हे निर्यातीचे क्षेत्र स्थापन झाल्यावर इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या पेट्या, उष्णता बाहेर टाकणारे पंखदार ठोकळे, दर्शनी पट्ट्या अशा नाजूक कामाचाही या परिसराला परिचय झाला. मोठी कंपनी आपला माल चलन करून लहान गाळ्याकडे पाठविते, आणि तेथे तो 'जॉबवर्क' म्हणून रंगून परत जातो.

अशा गाळ्यात एका रांगेत टाक्या मांडलेल्या असतात, आणि मालाला त्या रांगेतून ठरलेल्या क्रमानेच जावे लागते. प्रथम प्रत्येक नग रॅकवर आवळून बसवितात. रॅक ॲल्युमिनियमची किंवा टिटॅनियमची असते, आणि पकड ढिली राहिली की विजेचा संपर्क तुटून तो नग पांढरा-कोरा बाहेर येतो. पकडीच्या जागी जो लहानसा डाग राहतो तो अटळ असल्यामुळे तो कोठे यावा हे ग्राहकाशी आधीच ठरविणे शहाणपणाचे असते. मग तेलकटपणा घालविण्याची टाकी येते. तीतून निघालेल्या नगावर पाणी अखंड चादरीसारखे पसरले पाहिजे. ते कोठे थेंबाथेंबाने फुटले, तर तेथे तेल शिल्लक आहे, आणि अनुभवी कामगार तो नग पुढे न नेता माघारी बुडवितो. साध्या पाण्याने घेतलेली ही परीक्षा कोणत्याही उपकरणाइतकी खरी असते.

त्यानंतर कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण जुना पडदा व वरचा पापुद्रा खाऊन टाकते आणि मागे काळपट काजळी सोडते, कारण मिश्रधातूतील तांबे-लोखंडाचे कण कॉस्टिकमध्ये विरघळत नाहीत. नत्राम्लात ती काजळी निघून धातू स्वच्छ होतो. मग मुख्य टाकी: पाण्यात वजनाने पंधरा ते वीस टक्के गंधकाम्ल, तपमान वीस अंशांच्या आसपास, विद्युत्‌दाब बारा ते अठरा व्होल्ट, आणि प्रत्येक चौरस डेसिमीटरला सुमारे दीड अँपिअर प्रवाह. या गतीने वीस मायक्रॉनांचा थर यायला पाऊण तास लागतो. प्रत्येक दोन टाक्यांमध्ये धुण्याचे पाणी असते. हे धुणे घाईत उरकले तर एका टाकीतील रसायन पुढच्या टाकीत जाऊन तिचा नाश करते, आणि मग एक-दोन नगांचे नुकसान न राहता महिनाभराचा माल सदोष होऊ लागतो.

उष्मा आणि पाणी

आता मुंबईच्या हवामानाचा खरा प्रश्न समोर येतो. एक चौरस मीटर पृष्ठभागाला दीडशे अँपिअर आणि सोळा व्होल्ट दिले, की जवळजवळ अडीच किलोवॅट उष्णता टाकीत निर्माण होते. शिवाय ऑक्साइड बनण्याच्या क्रियेतून निघणारी उष्णता वेगळी. इंग्लंडातल्या हिवाळ्यात ती टाकीच्या भिंतींतून आपोआप निघून जात असेल. अंधेरीत हिवाळ्यातील रात्री आणि पहाटा सोडल्या तर हवेचे तपमानच वीस अंशांच्या वर असते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ते किती चढते हे तेथे उभे राहणाराच जाणतो. टाकी तापली की आम्लाची झीज विजेच्या घडणीवर मात करते. नलिका रुंदावतात, थर मऊ व भुसभुशीत होतो, आणि बोट फिरविले तर खडूसारखी भुकटी लागते. म्हणून शीतकयंत्र, म्हणजे कारखान्याच्या भाषेत 'चिलर', हा या धंद्याचा कणा आहे. वीजबिल वाचविण्यासाठी तो बंद ठेवून काढलेला माल त्या दिवशी अगदी चांगला दिसतो, रंगही अधिक भरघोस घेतो. कारण सैल थरात रंग जास्त शिरतो. त्याची किंमत दोन-तीन पावसाळ्यांनंतर वसूल होते, आणि ती भरतो खिडकीचा मालक.

पाण्याचेही तेच. विहार, तुळशी, तानसा, भातसा अशा तलावांचे मुंबईला मिळणारे पाणी सौम्य असल्याने धुण्याच्या कामाला चांगले. पण उन्हाळ्यात ते अपुरे पडून टँकरने विहिरीचे पाणी मागविले, आणि त्यात क्षार व क्लोराइड अधिक असले, तर ज्या शत्रूपासून धातूचे रक्षण करावयाचे तोच आपण स्वहस्ते टाकीत ओतल्यासारखे होते.

छिद्रे मिटविणे

मुख्य टाकीतून निघालेला थर कठीण असला तरी सच्छिद्र असतो. याच अवस्थेत त्याला रंग देतात. साठेक अंश तपमानाच्या द्रावणात रंगाचे कण नलिकांत उतरतात, आणि काळा, सोनेरी, तांबूस अशा छटा मिळतात. पण नलिका उघड्या राहिल्या तर रंगाप्रमाणेच मीठ आणि पाणीही त्यांत शिरणार. म्हणून अखेरची व माझ्या मते सर्वांत महत्त्वाची क्रिया म्हणजे सीलिंग. शहाण्णव अंशांहून अधिक तापलेल्या शुद्ध पाण्यात माल ठेवला, की नलिकांच्या भिंतींतील ऑक्साइड पाण्याशी संयोग पावून फुगतो आणि छिद्रे आतून बंद होतात. प्रत्येक मायक्रॉनला सुमारे तीन मिनिटे, म्हणजे वीस मायक्रॉनांना तासभर, असा जुना नियम आहे; निकेल ॲसिटेट मिसळून, किंवा अन्य रसायनांनी कमी तपमानावर, हे काम लवकर उरकण्याच्या रीतीही प्रचारात आहेत. उकळते पाणी साधे दिसते, पण त्यात सिलिकेट व फॉस्फेट यांचा अल्प अंश असला तरी छिद्रे मिटत नाहीत. म्हणून येथे नळाचे पाणी चालत नाही, निःक्षारीकृत पाणीच लागते.

या क्रियेत कसूर करणे सर्वांत सोपे असते, कारण सील केलेला आणि न केलेला नग शेजारी ठेवला तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही. बोटांना तो कळतो: सील न झालेला पृष्ठभाग बोटाला किंचित चिकटल्यासारखा वाटतो, आणि त्यावर टाकलेला रंगाचा थेंब पुसल्यावरही डाग सोडून जातो, नीट सील झालेल्या पृष्ठभागावरून तोच थेंब निर्मळ निघून येतो.

प्रत्येक धातूला वेगळा न्याय

सर्वच ॲल्युमिनियम सारखे नव्हे, आणि या भेदाकडे दुर्लक्ष केल्याने पुष्कळ तक्रारी उद्भवतात. खिडक्यांचे सेक्शन ज्या ६०६३ मिश्रधातूचे ओढतात तो मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांच्या अल्प प्रमाणामुळे स्वच्छ, पारदर्शक थर घेतो. उलट दाबाने साच्यात ओतलेले भाग बहुधा एडीसी-१२ सारख्या मिश्रधातूचे असतात. त्यात दहा-बारा टक्के सिलिकॉन असतो, आणि सिलिकॉनचा ऑक्साइड या रीतीने वाढत नसल्यामुळे थर करडा, डागाळलेला व विषम येतो. पंप, दिवे किंवा मोटारीच्या सुट्या भागांचे असे ओतीव काम ॲनोडायझिंगला पाठवून सोनेरी रंगाची अपेक्षा करणे हा कारागिरावर अन्याय आहे. तेथे पावडर कोटिंगच योग्य: विजेने भारलेली रेझिनची भुकटी वस्तूवर फवारून १८० ते २०० अंशांच्या भट्टीत दहा-वीस मिनिटे भाजली, की साठ-ऐंशी मायक्रॉनांचे एकजीव आवरण बसते.

पण भुकटीचे आवरण उघड्या धातूला नीट धरीत नाही. ओरखड्यातून पाणी शिरले की खालून फोड येतात. म्हणून आधी रासायनिक रूपांतराचा एक अतिपातळ थर द्यावा लागतो. या कामासाठी पिवळसर क्रोमेटची रीत दीर्घकाळ सर्वमान्य होती, आणि तो थर वीज वाहू देत असल्यामुळे ज्या पेटीला अर्थिंग जोडावयाचे तेथे तो एकटाही पुरतो. मात्र त्यातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. २००६ सालापासून युरोपीय संघाने विद्युत उपकरणांत त्यावर निर्बंध घातले, आणि तेव्हापासून निर्यातदारांना त्रिसंयुजी क्रोमियमच्या अथवा क्रोमियमविरहित द्रावणांकडे वळावे लागले.

घर्षण सोसावयाचे असेल तर आणखी एक मार्ग आहे. टाकी शून्य ते पाच अंशांपर्यंत थंड केली आणि दाब वाढवीत नेला, तर आम्लाची झीज मंदावून पंचवीसपासून शंभर मायक्रॉनपर्यंत घनदाट, गडद करडा थर येतो. हेच हार्ड ॲनोडायझिंग. न्यूमॅटिक सिलिंडर, यंत्रांतील सरकते भाग यांना ते देतात. आणि मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या हॉकिन्स कंपनीच्या फ्युचुरा कढया-तव्यांमुळे ते आपल्या स्वयंपाकघरातही येऊन पोचले आहे. साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंच-कोकमाची आमटी उकळली तर आम्ल धातूला खाते. या थरापुढे त्याचे काही चालत नाही.

नदीचा हक्क

टाक्यांच्या रांगेत माल जितक्या वेळा धुतला जातो तितक्या वेळा आम्ल, अल्कली आणि विरघळलेले ॲल्युमिनियम पाण्याबरोबर बाहेर पडते. ते कोठे जाते? विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी साकी नाका, कुर्ला या वस्त्यांतून वाहत माहीमच्या खाडीला मिळते, आणि उपनगरातील लहानमोठ्या कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी तिने वर्षानुवर्षे सोसले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कचऱ्याने व भरावाने आक्रसलेल्या तिच्या पात्राने शहराला आपल्या अस्तित्वाची जाणीव करून दिली.

वास्तविक या धंद्याचे सांडपाणी आवरणे दुःसाध्य नाही. चुन्याने आम्ल उदासीन केले, की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड पांढऱ्या चिकट गाळाच्या रूपाने खाली बसते. तो गाळून, दाबून, अधिकृत घातक कचरा केंद्राकडे पाठवावयाचा, आणि उरलेले पाणी साडेपाच ते नऊ या सामूच्या मर्यादेत आणून सोडावयाचे, एवढेच कायद्याचे मागणे आहे. क्रोमियम असेल तर ते आधी त्रिसंयुजी करून घ्यावे लागते. अडचण आहे ती जागेची आणि खर्चाची: ज्या गाळ्यात टाक्याच दाटीने बसविल्या आहेत तेथे शुद्धीकरणाची टाकी कोठे ठेवावी, हा प्रश्न खरा आहे, आणि जमिनीच्या भावामुळे पुष्कळ कारखाने वसई-भिवंडीकडे गेल्याने तो सुटलेला नसून स्थलांतरित झालेला आहे. आम्लाच्या वाफा ओढून घेणारे पंखे, हातमोजे, डोळे धुण्याचा नळ यांचाही विचार याच हिशेबात झाला पाहिजे. कारण धातूच्या त्वचेची जपणूक करताना कामगाराची त्वचा भाजत असेल, तर त्या कामाला संरक्षण हे नाव शोभत नाही.

विकत घेणाऱ्याचे कर्तव्य

थराची जाडी, टाकीची थंडाई, सीलिंगचा तास आणि पाण्याचे शुद्धीकरण या चारही गोष्टींवर वस्तूचे आयुष्य व परिसराचे आरोग्य अवलंबून असते, आणि चारही गोष्टी तयार वस्तूकडे पाहून कळत नाहीत. कळतो तो रंग, आणि कळतो तो दर. ग्राहक या दोहोंवरच निवड करू लागला, की चिलर चालविणारा, तासभर सील करणारा, चुना आणणारा प्रामाणिक कारागीर बाजारात महाग ठरतो आणि मागे पडतो. भारतीय मानक आयएस १८६८ मध्ये थराच्या श्रेणी दिलेल्या आहेत. एसी या अक्षरांपुढचा आकडा सरासरी जाडीचे मायक्रॉन सांगतो. घराच्या आतील कामाला दहा-पंधरा पुरतील. वर्सोव्याच्या समुद्राकडे तोंड केलेल्या खिडकीला पंचवीस मागावेत. जाडी मोजणारे विद्युत्‌यंत्र हातात मावते, आणि ते नसले तरी साध्या मल्टीमीटरची दोन टोके पृष्ठभागावर अलगद टेकविली तर प्रवाह वाहतो की नाही यावरून थर आहे की केवळ रंगाचा आभास आहे याची प्राथमिक खातरजमा होते.

म्हणून खरेदीच्या कागदावर रंगाच्या नावाशेजारी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मायक्रॉन किती, सीलिंगची परीक्षा कोणती, आणि कारखान्याजवळ प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र आहे की नाही. पाच-पंचवीस फ्लॅटच्या सोसायटीला, किंवा शंभर पेट्या करून घेणाऱ्या उद्योजकाला, या तीन ओळी लिहिण्यास काही मोल पडत नाही. पण त्या लिहिल्या गेल्या की गाळ्यातल्या सचोटीला प्रथमच गिऱ्हाईक मिळते. या धातूला आत्मरक्षणाची वृत्ती निसर्गाने दिली आहे, तिला शिस्त लावण्याचे ज्ञान शास्त्राने दिले आहे; त्या ज्ञानाला पुरता वेळ आणि वाजवी मोबदला देणे एवढेच आपल्याकडे उरते, आणि तेवढे आपण केलेच पाहिजे.